विकलं की हुकलं

बेंजामिनशेठ अष्टमकरांचा सत्कार शनिवारी ठेवायचा आणि जेवणाला कोळंबीभात करायचा, या दोन्ही सूचना माझ्या. समितीत आणखी माणसं होती, पण त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ती बैठकीला चहापुरती येत. शनिवारी शाळा अर्धी असते, मंडपाला पोरं मिळतात, आणि पेणात आलेल्या पाहुण्याला कोळंबी नाही घालायची तर काय दुधीची भाजी घालायची, असा माझा सरळ हिशेब. बेंजामिनशेठ रामवाडीत राहतात, आपल्यासारखंच बोलतात, शेजारच्या गणपतीच्या आरतीला दारात येऊन उभे राहतात. ते यहुदी आहेत हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि सगळं गाव ते विसरलंही होतं. मी शाळेत इतिहास शिकवत असल्यामुळे जरा जास्तच विसरलो होतो.

यहुदी माणूस शनिवारी गाडीत बसत नाही, पैशाला शिवत नाही, सही करत नाही. आणि अंगावर खवले नसलेलं पाण्यातलं काही तो खात नाही. कोळंबीला देवाने सगळं दिलंय, मिशासुद्धा दिल्यात. खवले तेवढे दिलेले नाहीत.

तर त्या शनिवारी आमची झेंडूच्या माळा घातलेली जीप रामवाडीला गेली आणि तशीच रिकामी परत आली. म्हणजे पुढे पांढरा सदरा आणि काळी टोपी घातलेले सत्तरी ओलांडलेले बेंजामिनशेठ चालताहेत आणि मागून जीप रखडत येतेय, अशी ती मिरवणूक शाळेच्या फाटकात शिरली. शाळेच्या नव्या सभागृहाला ते देणगी देणार होते, नाव मात्र लावायचं नाही या अटीवर. अध्यक्षांनी माइकवरून धनादेश आताच मिळेल असं जाहीर केलं, तेव्हा शेठ शांतपणे म्हणाले, "सोमवारी या घरी." टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणालाच कळेना. जेवणात त्यांनी दोन पापड आणि एक केळं खाल्लं, आणि पापड चांगले झालेत असं वाढणाऱ्या बाईला आवर्जून सांगितलं. शेवटी सन्मानचिन्ह म्हणून आम्ही त्यांच्यापुढे जे धरलं, ती हमरापूरची हातभर गणपतीची मूर्ती होती. तीही माझीच निवड. शेठ तिच्याकडे वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "डोळे हौसाच्या हातचे दिसतात."

डोळे हौसाच्याच हातचे होते. पण ही हौसा कोण, तिथवर यायला सुरुवातीपासून सांगावं लागेल.

बेंजामिनशेठचे वडील सामाजी रोह्याला नदीपलीकडे अष्टमी गावात तेलाचा घाणा चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांच्या लोकांना शनवार तेली म्हणायचे. शेठ सांगत, "सरकारी नोकरांच्या आधी आठवड्याची सुट्टी आमच्या बैलाला मिळाली." स्वातंत्र्य आलं, त्याच्यामागोमाग गिरणीचं तेल आलं, डब्यातलं वनस्पती तूप आलं आणि घाणा बसला. सामाजी वारले तेव्हा बेंजामिन विशीत होता. त्याने घाणा आणि घाण्याखालची जागा मिळेल त्या भावाने विकली आणि पेणला हैबतरावांच्या पोह्याच्या गिरणीत दिवाणजी म्हणून लागला.

गिरणीच्या मागे गावाचा उकिरडा होता. दुपारी बाकीचे लोक जेवून आडवे होत, तेव्हा बेंजामिन उकिरड्याच्या कडेला उभा राहून, लोक नदीकडे बघतात तसा उकिरड्याकडे बघत राही. त्याला दिसलं, की वनस्पती तुपाच्या कंपन्या दहा असतील, पण रिकामे डबे सगळे एकाच कारखान्याचे आहेत. त्याच डब्यांतून बायका पाणी भरतात, तेच चेपून लोक गोठ्याला पत्रा करतात. तूप कुणाचंही खपो, डबेवाल्याला मरण नाही. त्याने घाण्याचे पैसे त्या डब्यांच्या कारखान्याच्या शेअरांत घातले.

त्या वेळी पेणात शेअर म्हणजे मटक्याचा सुशिक्षित भाऊ समजत. हैबतराव माणूस मायेचा. त्यांनी बोलावून समजूत घातली, की दिवाणजी, बापाच्या कष्टाचा पैसा असा पाण्यात टाकू नये. "पाण्यात नाय," बेंजामिन म्हणाला, "उकिरड्यात टाकलाय."

पुढे पंचवीसेक वर्षं त्याने हाच धंदा केला. पगारातून उरेल ते शेअरांत. दुकानदार काय खपतंय ते सांगतो, पण त्याच्या पोटात स्वार्थ असतो. उकिरड्याला खोटं बोलून काही मिळत नाही, असं त्याचं शास्त्र होतं. टॉर्चचे मेलेले सेल, पिळून पिळून कागद केलेल्या टूथपेस्टच्या नळ्या, अंगठा तुटलेल्या रबरी चपला. विसर्जनाहून लोक प्रसाद घेऊन घरी येत, बेंजामिन तुटलेल्या चपलांचा छाप बघून येई. गावाने त्याला थोडा सरकलेला ठरवून टाकलं होतं आणि त्यालाही ते सोयीचं होतं. सरकलेल्या माणसाकडे कुणी उसने मागायला येत नाही.

अशात रोह्याजवळ धाटावला कारखाने यायला लागले. आजूबाजूच्या जमिनीचे भाव चढले, आणि अष्टमीची ती घाण्याखालची जागा घेणाऱ्याने ती अशा किमतीला पुढे विकली की त्या पैशात हैबतरावांची गिरणी हैबतरावांसकट आली असती. बेंजामिन एसटीने रोह्याला गेला, पुलावर उभा राहून पलीकडे बघून आला, आणि येताना एक वाक्य घेऊन आला. विकलं की हुकलं. त्या दिवसापासून त्याने काही विकलं नाही. शेअर तर नाहीच, घरची रद्दीसुद्धा नाही. त्याची बायको एस्थर म्हणायची, "आमच्या दारावरून रद्दीवाला डोळे पुसत जातो."

एस्थर खांब गावची. माहेरी भातशेती, आवाज मोकळा आणि जीभ त्याहून मोकळी. तिच्या हातचा मलिदा प्रसिद्ध होता. मलिदा म्हणजे या लोकांचं नवसाचं, शुभकार्याचं ताट. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं रचायची, आणि एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताचं नाव घेऊन सगळ्यांनी वाटून खायचं. कुणी इस्रायलला जायला निघालं की जाण्याआधी मलिदा व्हायचा, आणि त्या वर्षांत निघणारे पुष्कळ होते. रोह्याची घरं गेली, पेणची गेली, एस्थरचे भाऊ गेले. प्रत्येक वेळी पोहे गिरणीतून बेंजामिनने आणायचे आणि एस्थरने भिजवायचे. एकदा ती भिजवता भिजवता म्हणाली, की या पोह्यांनी निम्मा जिल्हा रिकामा केला.

भावांनी जाताना तिला विचारलं, तुम्ही कधी येता. बेंजामिनने सांगितलं, शेअर तिकडे नेता येत नायत. एस्थरने वाद घातला नाही. खरं तर तिलाही पेण सोडायचं नव्हतं. शेजारच्या सरूशी रोज सकाळी भांडल्याशिवाय तिला चहा जात नसे, आणि परदेशात सरू कुठून आणणार. कायमचं जाण्याचा हट्ट तिने जन्मात धरला नाही. तिने एकच गोष्ट मागितली, आणि तीही जाऊन परत येण्याची.

त्यांची एकुलती मुलगी दीना लग्न होऊन तिकडे अश्दोद गावाला गेली. दीड-दोन वर्षांनी गिरणीत ट्रंक कॉल आला. हैबतरावांनी गडी पाठवून एस्थरला बोलावून घेतलं आणि तिला नीट ऐकू यावं म्हणून गिरणी बंद करायला लावली. सगळे कामगार हात थांबवून उभे, आणि मध्ये एस्थर फोनमध्ये ओरडतेय. दीनाला दिवस गेले होते. डॉक्टर प्रवास करू देत नव्हते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण लेक येऊ शकत नाही तर आईने जावं, इतकंच तिचं म्हणणं. एस्थरने फोन ठेवला तेव्हा सगळ्या गिरणीला बातमी कळलेली होती. कुणीतरी मूठभर पोहे आणि गूळ तिच्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून तिची ट्रंक भरायला लागली. डिंक, अळीव, खारीक, सुंठ. बाळगुटीला वेखंड, मुरडशेंग, जायफळ. तिकडच्या जायफळावर तिचा विश्वास नव्हता. जुन्या लुगड्याची मऊ दुपटी. आणि बाळाच्या नावाने मलिदा करायला पेणचे पोहे. राहिलं होतं फक्त तिकीट. भाडं दिवाणजीच्या वर्षाच्या पगाराला जड होतं, पण डब्याच्या कारखान्याच्या शेअरांचे चार कागद विकायला काढले असते तर ती जाऊन आली असती. ते कागद तिच्याच पलंगाखाली होते, तुपाच्या रिकाम्या डब्यात.

नेमका त्या वेळी डब्याचा कारखाना बोनस देणार होता, एका शेअरवर एक शेअर फुकट. ठरलेल्या तारखेला ज्याच्याकडे शेअर असेल त्याला मिळणार. बेंजामिन म्हणाला, दीड महिना थांब. एस्थरने हातातली खारीक खाली ठेवली.

"पोर काय तुमच्या कंपनीला विचारून बाहेर येणार हाय?"

पोर कंपनीला न विचारताच आलं. मुलगा झाला. एस्थरने तो मलिदा इथेच केला, आणि सरूच्या घरी, हैबतरावांच्या घरी वाटला. बोनसही आला. बेंजामिनने ठरवलं, आता दुसऱ्या वेळी नक्की. दुसऱ्या वेळी शेअर रोज वर चढत होता. चढणाऱ्या घोड्यावरून कोण उतरतं. तिसऱ्या वेळी बाजार पडलेला; मातीमोलाने कोण विकतं. वर गेला तरी थांबायचं आणि खाली आला तरी थांबायचं, असं ते शास्त्र. तो तिला फसवत नव्हता. दर वेळी त्याला मनापासून वाटत होतं की पुढच्या वर्षी ही विमानाने जाईल आणि वर दीनाला सोन्याच्या पाटल्या नेईल. एस्थर दर पावसाळ्यानंतर ट्रंकेतले जिन्नस काढून उन्हात घालायची, जुने पोहे कोंबड्यांना टाकून नवे भरायची. मग एका वर्षी तिने पोहे भरले नाहीत. बेंजामिनच्या ते ध्यानात आलं नाही. उकिरड्यावरची चप्पल ओळखणाऱ्या माणसाला घरातली ट्रंक दिसली नाही.

त्याला ती दिसली बऱ्याच वर्षांनी. सरूची मुलगी रोह्याला दिली होती, तिचं पहिलं बाळंतपण तिथेच सासरी करायचं ठरलं, आणि सरू गाठोडं बांधून निघाली. सकाळी बेंजामिन दाढी करत बसला होता. एस्थरने पलंगाखालून ट्रंक ओढली आणि आतलं सगळं काढून सरूच्या ओटीत घातलं. वेखंड, मुरडशेंग, दुपटी. सरू नको नको म्हणाली. "ने गो," एस्थर म्हणाली, "चांगलं हाय सगळं. वापरलेलं नाय." मग ती फाटकापर्यंत गेली आणि महामार्गावरून रोह्याची एसटी जाईपर्यंत तिथेच उभी राहिली. आत बेंजामिनच्या गालावरचा साबण वाळून गेला.

दुसऱ्या दिवशी तो मुंबईला गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने शेअर विकले. भाव चांगला होता का, हे त्याने दलालाला विचारलंही नाही. चार दिवसांनी तिकीट आणून त्याने तिच्या पुढ्यात ठेवलं. ती तांदूळ निवडत होती. तिने ताटातला हात न काढता ते पाहिलं.

"आता कुणाला न्हाऊ घालायला जाऊ मी?" ती म्हणाली. "दीनाचा थोरला फोनवर बोलला परवा. जेवलास का रे बाळा, म्हटलं. त्याला कळलं नाय."

रागावली नव्हती ती. रागावली असती तर बेंजामिनला बरं वाटलं असतं. तिच्या रागाची उत्तरं त्याच्याकडे वर्षानुवर्षं तयार होती. तिने तिकीट तांदळाच्या डब्याखाली ठेवलं आणि त्याला चहा केला. तिकीट परत केलं तर पैसे मिळतात, हे बेंजामिनला माहीत होतं. त्याने ते परत केलं नाही. त्यानंतर काही वर्षांनी एस्थर थोड्याशा तापाचं निमित्त होऊन गेली. दीना आली आणि आठ दिवस राहिली. सरूने तिला मांडीवर घेऊन थोपटलं. तेवढंच काय ते तिचं माहेरपण.

पेणला बेंजामिनशेठच्या पैशाचा पत्ता लागला तो यानंतर, कारण यानंतर ते विकायला लागले. आणि विकलं की वाटायला लागले. हमरापूरला मूर्ती वाळवायला त्यांनी मोठी शेड बांधून दिली. तिथे डोळे रंगवणारी हौसा, हात चालू ठेवून कुणाशीही बोलणारी बाई. ती म्हणाली, "शेठ, तुमच्या देवाची एक मूर्ती सांगा, पयली ती करू." शेठ म्हणाले, आमच्या देवाला मूर्ती चालत नाय. हौसाने ब्रश थांबवला नाही. "मग तुमच्यात रंगाऱ्याचं पोट कसं भरतं?" याचं उत्तर शेठना देता आलं नाही, म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी शेडला पंखे लावून दिले. रोह्याला बाळंतिणींसाठी खाटा दिल्या. पण त्यांचा सगळ्यांत चमत्कारिक दानधर्म एसटी स्टँडवर चाले.

सकाळी ते स्टँडवरच्या बाकावर जाऊन बसत. गाठोडं घेतलेली, सुंठीडिंकाचा वास येणारी एखादी बाई दिसली की विचारत, "लेकीकडं?" ती व्हय म्हणाली की उठून तिचं तिकीट काढून आणत. जिथलं असेल तिथलं. रोहा, महाड, पार कोल्हापूर. गावात याची थट्टा होई. आमच्या आळीच्या विमलबाईने तर कमाल केली. तिला दोन मुली, आणि ती वर्षातून चार वेळा बाळंतपणाला जायला लागली. कुणीतरी शेठच्या कानावर घातलं, की शेठ, ही बाई तुम्हाला बनवते. लेकीकडे नुसती पाहुणचाराला जाते. शेठनी विचारलं, "पण जाऊन येते ना?" तो म्हणाला, हो, जाऊन येते. "मग झालं की."

यातलं ट्रंकेचं, तिकिटाचं सगळं मला सरूने नंतर सांगितलं. त्या शनिवारी मला एवढंच माहीत होतं, की गावातल्या सर्वांत दानशूर माणसाला मी उपाशी घरी पाठवतोय.

म्हणून मी त्यांना पोचवायला निघालो. शनिवारी ते ओझंही उचलत नाहीत, त्यामुळे शाल माझ्या खांद्यावर, नारळ एका बगलेत, गणपती दुसऱ्या बगलेत, आणि गळ्यात त्यांनी काढून दिलेला हार. रस्त्यात भेटणारे लोक माझं अभिनंदन करत होते. मी माफीचं बोलणं सुरू केलं, तसे शेठ म्हणाले, की शेअर बाजार आणि मी, दोघं शनिवारी बंद असतो, मास्तर. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. कोळंबीचा विषय त्यांनी काढला नाही. महामार्ग ओलांडताना मात्र त्यांनी मला हात धरून थांबवलं. रोह्याची एसटी येत होती. ती जाईपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, गाडीला भितात.

रामवाडीच्या घराशी आलो. अंगणात सरू पापड वाळत घालत होती. तिने माझ्या बगलेतला गणपती काढून घेतला आणि आपल्या घरात नेला. मी ओट्यावर टेकलो. आतल्या भिंतीवर एस्थरबाईंचा फोटो होता, पदर डोक्यावर आणि नजर रोखलेली. ती बघून मला एकदम सुचलं. दिवसभरात केलेल्या सगळ्या घोटाळ्यांची भरपाई करणारं असं काहीतरी सुचलं, या आनंदात मी उभाच राहिलो.

मी म्हणालो, शेठ, सभागृहाला तुमचं नाव नको म्हणता ते ठीक, पण आपण एस्थरबाईंचं नाव देऊ. दारावर संगमरवरात कोरू, एस्थरबाई बेंजामिन अष्टमकर सभागृह. मुलं रोज वाचतील. गाव कायम आठवण ठेवील. अहो, त्यांना किती बरं वाटलं असतं.

शेठ काळी टोपी काढून गुडघ्यावर ठेवून बसले होते. ते फोटोकडे बघत नव्हते, माझ्याकडेही बघत नव्हते. महामार्गावरून एक गाडी गेली, तिच्या आवाजाकडे त्यांनी मान वळवली.

"तिनं तिकीट मागितलं होतं, मास्तर."